उचलून नको, चाकावरून न्या

सोलापूर, लातूर, जळगाव, सांगली अशा कुठूनही आई-वडील पुण्यात मुलाकडे नाहीतर मुलीकडे राहायला आले की पहिल्या आठवड्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘तुम्ही या जाऊन, मी आहे घरी.’ गुडघे झिजलेले असतात, अर्धांगवायूनंतर एक पाय ओढत चालावं लागतं, किंवा खुब्याच्या ऑपरेशनला जेमतेम तीन महिने झालेले असतात. घरातले आग्रह करतात, ‘अगं, चल ना, आम्ही आहोत, उचलून नेऊ.’ त्यावर आई आणखीच ठाम होते. भर रस्त्यात, लोकांच्या देखत, पदर सावरत, व्हीलचेअरसकट उचललं जाणं तिला नको असतं. तिचा नकार फिरण्याला नसतो, त्या उचलण्याला असतो. खुर्ची हातातून निसटली तर खुब्याचं हाड पुन्हा मोडण्याचा धोका असतो आणि उचलणाऱ्या मुलाची कंबर धरते, हे वेगळंच.

पुणे शहराने हा प्रश्न आजवर घराघरांतल्या मनगटांवर सोडून दिला आहे. एखादी इमारत ‘सुगम्य’, म्हणजे व्हीलचेअरनेही वावरता येईल अशी, झाली, एखादा रस्ता देखणा झाला, की काम झालं असं धरलं जातं. पण फिरायला जाणं ही साखळी असते : घराची लिफ्ट, सोसायटीचं फाटक, गाडी, उतरण्याची जागा, फूटपाथ, प्रवेशद्वार, स्वच्छतागृह आणि तोच सगळा रस्ता परत. यातली एक कडी तुटली की बाकीच्या सातांवर केलेला खर्च त्या दिवसापुरता वाया जातो. म्हणून सुगमता मोजायची असेल तर ती घराच्या दारापासून ठिकाणाच्या दारापर्यंतच्या अख्ख्या फेरीची मोजावी, सुट्या सुट्या इमारतींची नको, असं माझं म्हणणं आहे. आणि ही फेरी आखण्याचं जे काम आज प्रत्येक कुटुंब एकटं, दर वेळी नव्याने करतं, त्यातलं निम्मं काम महापालिका थोड्या पैशांत एकदाच करून ठेवू शकते.

आधी ते काम नेमकं काय असतं ते पाहू. सुरुवात खुर्चीपासून होते. सर्जिकलच्या दुकानांत व्हीलचेअर अनामत रक्कम ठेवून दिवसाच्या किंवा महिन्याच्या भाड्याने मिळते. दुकानदार बहुतेकदा हलकी, चारही चाकं लहान असलेली खुर्ची पुढे करतो, कारण ती उचलायला सोपी. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर ती उत्तम चालते. पुण्याच्या पेव्हर ब्लॉकवर मात्र तिचं लहान चाक प्रत्येक फटीत अडकतं आणि बसलेलं माणूस पुढे फेकलं जातं. बाहेर फिरायचं असेल तर मागची चाकं मोठी, म्हणजे ६० सेंमीच्या आसपास असलेलीच घ्यावी. ती १६-१८ किलोची भरते, पण खाचखळगे ओलांडते. घेताना दुकानातच चार गोष्टी तपासाव्यात. दोन्ही ब्रेक लावून खुर्ची ढकलून पाहावी. हवेचं टायर असेल आणि हवा कमी असेल, तर ब्रेकचा दांडा टायरला नीट टेकतच नाही आणि उतारावर खुर्ची घसरते. फूटरेस्ट बाजूला वळतात की कायमचे जोडलेले आहेत ते पाहावं. हात ठेवायची बाजू निघते का, हे बघावं, कारण गाडीत सरकताना तीच आडवी येते. आणि बसण्याचा पट्टा आहे ना, याची खात्री करावी. नुसत्या रेक्झिनच्या झोळीवर तीन तास बसवू नये. पाच सेंमी जाडीची फोमची उशी घ्यावी आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी अंग थोडं उचलून किंवा एका बाजूला कलून बसायला लावावं. मधुमेह असलेल्यांना माकडहाडाजवळ जखम व्हायला फार वेळ लागत नाही.

मग लिफ्ट. साधी घडीची खुर्ची चाकांच्या बाहेरच्या कड्यांसकट ६३ ते ६८ सेंमी रुंद असते आणि फूटरेस्टसकट एक मीटरहून थोडी लांब. जुन्या इमारतींतल्या चार माणसांच्या लिफ्टचं दार जेमतेम ७० सेंमी उघडतं आणि आतली जागाही तोकडी असते. फूटरेस्ट काढून, पाय हाताने धरून, खुर्ची उलटी आत घेतली तरच दार लागतं. हे आदल्या दिवशी रिकाम्या खुर्चीने करून पाहायचं असतं. पार्किंगवर उभ्या असलेल्या कितीतरी इमारतींत लिफ्टचा पहिला थांबा पार्किंगच्या पातळीला नाहीच. मध्ये तीन पायऱ्या आहेत. आणि शेजारी जो ‘रॅम्प’ बांधला आहे तो दुचाकी वर चढवण्यासाठी.

रॅम्पच्या उताराविषयी थोडं थांबून बोलायला हवं, कारण बांधणाऱ्यांची सर्वात मोठी चूक इथेच होते. प्रमाण आहे एकास बारा : एक सेंमी उंची चढायला बारा सेंमी लांबी. फूटपाथ १५ सेंमी उंच असेल तर उतार १.८ मीटर लांब हवा. तीन पायऱ्या, म्हणजे साधारण ४५ सेंमी, चढायच्या असतील तर ५.४ मीटर. एवढी जागा सोडायची कुणाची तयारी नसते, म्हणून दोन-सव्वादोन मीटरमध्ये तोच चढ बसवला जातो आणि प्रमाण एकास पाच होतं. ७० किलोची व्यक्ती आणि १८ किलोची खुर्ची मिळून ८८ किलो. एकास बाराच्या उतारावर हे वजन धरून ठेवायला सव्वासात किलोचा जोर लागतो. एकास पाचवर सतरा किलोंहून अधिक. पस्तिशीतला मुलगा तो लावेल. पासष्टीची बायको सत्तरीच्या नवऱ्याला ढकलत असेल तर तिला तो पेलत नाही, आणि मध्येच हात सुटला तर खुर्ची मागे येऊन तिच्याच अंगावर कोसळते. असा रॅम्प असण्यापेक्षा नसलेला बरा, कारण तो पाहून लोक बेसावध होतात. नाइलाजाने उतरायचंच असेल तर खुर्ची उलटी करावी, ढकलणाऱ्याने खालच्या बाजूला राहून स्वतः मागे मागे पावलं टाकत उतरावं. पुढे तोंड करून उतरवलं तर बसलेली व्यक्ती सरळ खाली घसरते.

गाडीचा अडथळा अनुभव असलेल्यांनाच माहीत असतो. ॲपवरून बोलावलेली कॅब पुण्यात बहुतेक वेळा सीएनजीवर चालणारी असते आणि डिकीत सिलिंडर असतो. घडी घातलेली खुर्ची तिथे मावत नाही. ती मागच्या सीटसमोर उभी ठेवावी लागते, म्हणजे एक-दोन माणसांची जागा गेली. चौघांनी निघायचं असेल तर सहा आसनी गाडी मागवून शेवटची सीट पाडावी, किंवा छतावर कॅरिअर असलेली गाडी फोन करून ठरवावी; सोबत दोन मीटरची जाड दोरी ठेवावी. आईला पुढच्या सीटवर बसवायचं. खुर्ची सीटला तिरपी लावायची, ब्रेक लावायचे, फूटरेस्ट वळवायचे, आधी पाठमोरं सीटवर टेकवायचं, डोक्यावर हात धरायचा आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. सीटवर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी अंथरली तर वळणं फार सोपं जातं. गाडी सुटण्याआधी ती काढून घ्यायला विसरू नये. रिक्षा ज्यांना थोडं उभं राहता येतं त्यांच्यासाठीच. एसटीने ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट माफ केलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण दाराची पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याइतकी उंच असेल तर ती सवलत घेणार कोण? तिकीट माफ करायला एक आदेश पुरतो. पायरीसाठी गाडीचा सांगाडा बदलावा लागतो. सरकारचा हात आधी कशाकडे जातो, हे यात दिसतं.

मेट्रो ही पुण्यातली अशी सार्वजनिक सोय, जी सुरुवातीपासून चाकाच्या खुर्चीचा विचार करून बांधली गेली. मार्च २०२२ मध्ये ती सुरू झाली, २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा खुला झाला. लिफ्ट, रुंद फाटक, फलाटाच्या पातळीला असलेला डबा, डब्यात खुर्चीसाठी राखलेली जागा, हे सगळं आहे. जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्थानक जमिनीखाली ३३ मीटर आहे आणि तिथून लिफ्टने वर येता येतं, ही साधी गोष्ट नाही. म्हणूनच वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनीच्या आसपास राहणाऱ्यांना माझा सल्ला असतो की पहिली फेरी मेट्रोचीच करा. छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर उतरून जंगली महाराज रस्त्यावर यायचं, तिथल्या रुंद केलेल्या फूटपाथवरून बालगंधर्व रंगमंदिरापर्यंत जायचं. पुण्यात खुर्ची ढकलत, गप्पा मारत चालता येईल असे जे मोजके पट्टे आहेत त्यातला हा एक. सकाळी साडेआठ ते अकरा ही वेळ ठेवावी. संध्याकाळी हाच फूटपाथ माणसांनी आणि टपऱ्यांनी भरतो, आणि खुर्चीत बसलेल्याची नजर जमिनीपासून ११०-१२० सेंमीवर असल्याने तिला पाठी आणि पिशव्यांशिवाय काही दिसत नाही.

पण मेट्रोचं दार संपलं की काय? स्वारगेट स्थानकापासून सारसबाग किलोमीटरभराच्याही आत आहे. चालणाऱ्याला दहा-बारा मिनिटं. खुर्चीला मध्ये जेधे चौकाची रहदारी, कुठे तुटलेला तर कुठे गायब झालेला फूटपाथ, आणि फूटपाथवर लावलेल्या दुचाकी. शेवटी त्या एका किलोमीटरासाठी रिक्षा करावी लागते, आणि रिक्षाच करायची तर घरापासूनच का केली नाही, असा विचार करून पुढच्या वेळी मेट्रोही सुटते. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेली लिफ्ट शेवटच्या आठशे मीटरांमुळे ओस पडते. महापालिकेने पादचारी धोरण २०१६ साली स्वीकारलं. रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वंही त्याच सुमारास आली. कागद चांगले आहेत. त्यातून तयार झालेले चांगले रस्ते मात्र एकमेकांना कुठे भेटत नाहीत.

फूटपाथच्या तोंडाशी रोवलेल्या लोखंडी खांबांचा प्रश्न तर प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो दिसतो तितका सोपा नाही. दुचाकीवाले फूटपाथवरून गाड्या घालतात म्हणून पादचारीच खांबांची मागणी करतात आणि ती रास्त आहे. खांबांमधलं अंतर ५० सेंमी ठेवलं की गाड्या थांबतात, पण खुर्चीही थांबते. अंतर ९० सेंमी किंवा त्याहून जास्त असावं असं मानक सांगतं. तेवढं ठेवलं की स्कूटर आरामात जाते. स्कूटरचं हँडल आणि खुर्चीची रुंदी यात जेमतेम काही सेंटिमीटरांचा फरक आहे. खुर्ची जाईल आणि स्कूटर जाणार नाही अशी फट बनवताच येत नाही, कुठलाही अभियंता ती काढून देणार नाही. बागांच्या दाराशी असलेल्या फिरत्या फाटकांचंही तेच. याचा अर्थ इतकाच की दुचाकीचा बंदोबस्त लोखंडाने होणार नाही, दंडानेच होईल. आज आपण वाहतूक पोलिसांचं काम खांबांवर ढकललं आहे आणि त्याची किंमत खुर्चीतला माणूस मोजतो आहे. फट ९० सेंमीची ठेवा आणि तिथे कॅमेरा लावा, हे माझं उत्तर. बागेत फिरतं फाटक ठेवायचंच असेल तर शेजारचं मोठं दार उघडायची किल्ली तिकीट खिडकीत असावी आणि तसं पाटीवर लिहिलेलं असावं. सुरक्षारक्षकाला विनंती करत उभं राहण्याची पाळी कुणावर येऊ नये.

फूटपाथच्या पृष्ठभागाबद्दल इतकंच सांगतो : पेव्हर ब्लॉकचं आकर्षण पुण्याने सोडावं. त्याच्या कडा तासलेल्या असतात, त्यामुळे दर वीस सेंमीला एक हादरा बसतो. खालची वाळू पावसात वाहून गेली की दुसऱ्याच वर्षी ब्लॉक डुगडुगायला लागतात. केबलसाठी खोदलं की परत बसवताना पातळी जमत नाही. झाडूने खरखरीत केलेलं साधं काँक्रीट स्वस्तात टिकतं आणि ओलं असताना घसरत नाही. पावसाळी जाळ्यांच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा रुंद नकोत आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात; समांतर असल्या की पुढचं चाक थेट आत जातं.

आता मंडई. मंडई स्थानक झाल्यापासून पेठांत जाणं खरोखर आवाक्यात आलं आहे. १८८६ साली उभी राहिलेली महात्मा फुले मंडईची इमारत, तुळशीबाग, दगडूशेठ गणपती हे सगळं जवळजवळ आहे आणि बाहेरगावच्या आईला पुण्यात आधी हेच पाहायचं असतं. दगडूशेठची मूर्ती रस्त्यावरूनही दिसते, त्यामुळे एकही पायरी न चढता दर्शन होतं. शहरातल्या कितीतरी देवळांनी यातून शिकावं : दर्शनाची एक सरळ रेषा रस्त्याच्या पातळीवर मोकळी ठेवली तर लिफ्ट-रॅम्पच्या आधीच निम्मा प्रश्न सुटतो. अडचण गर्दीची. पुढे माणसं उभी राहिली की बसलेल्याला काही दिसत नाही. म्हणून सकाळी लवकर, आठवड्याच्या मधल्या वारी जावं. मंगळवार, संकष्टी, अंगारकी, दिवाळीआधीचा महिना आणि गणेशोत्सवाचे दहा दिवस टाळावेत. पावसाळ्यात जायचं तर खुर्चीच्या चाकांना पुसायला एक जुना पंचा बरोबर ठेवावा, कारण ओल्या टायरवर ब्रेक घसरतो.

‘पेठांतले रस्ते अरुंद आहेत, तिथे काय करणार?’ असं विचारलं जातं. रास्त आहे. तुळशीबागेच्या बोळात १.८ मीटर रुंदीचा फूटपाथ बसणार नाही. मग तिथे फूटपाथच नको. रस्ता एकाच पातळीचा करावा आणि वाहनांच्या वेळा बांधाव्यात. ११ डिसेंबरला महापालिका लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा करते, गाड्या थांबतात आणि बाजार बुडत नाही. वर्षातून एकदा जमतं ते दर रविवारी सकाळी चार तास का जमू नये? मालाच्या गाड्यांना पहाटेची वेळ द्या. व्यापाऱ्यांचा विरोध होईल, पहिले काही महिने कुरकुर चालेल. तरी हे करून पाहण्यासारखं आहे.

वारशाच्या जागांबद्दल मात्र टोकाला जाऊ नये. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर रॅम्प घाला, असं कुणी म्हणत नाही. शनिवारवाड्याच्या नगारखान्यात खुर्ची जाणार नाही हे सगळ्यांना मान्य असतं. पण १८२८ च्या आगीनंतर वाड्यात उरली आहेत ती मुख्यतः जोती, तट आणि मधली मोकळी बाग. तिथवर पोहोचायला दरवाजाचा उंबरा आणि आतल्या काही पायऱ्या एवढाच अडसर आहे, आणि त्यावर काढता-घालता येणारा लाकडी उतार ठेवला तर एका दगडालाही खिळा मारावा लागत नाही. वरच्या मजल्यावर काय आहे हे खाली बसून पाहता येईल असे मोठे फोटो आणि एक छोटी चित्रफीत लावावी. जिथे जिना अटळ आहे अशा प्रत्येक संग्रहालयात हे करता येण्यासारखं आहे.

नाट्यगृहं हा वेगळा आणि फार जवळचा विषय. बाहेरगावच्या कित्येक आई-वडिलांची पुण्यात आल्यावरची पहिली फर्माईश म्हणजे नाटक. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ सालचं. त्या काळच्या कुठल्याच प्रेक्षागृहात खुर्चीसाठी जागा आखलेली नसायची. आज नेताना कडेची तिकिटं काढावी लागतात, आईला आसनावर सरकवावं लागतं आणि रिकामी खुर्ची मधल्या वाटेत ठेवली तर आग लागल्यास तीच आडवी येईल, म्हणून ती बाहेर नेऊन ठेवावी लागते. मध्यंतरात स्वच्छतागृहाकडे धाव घ्यायची तर खुर्ची कुठे आहे हे शोधण्यात पाच मिनिटं जातात. उपाय इतका साधा आहे की तो न करण्याचं कारण सापडत नाही : सपाटीच्या रांगेत दोन्ही टोकांना दोन-दोन आसनं काढायची. एका खुर्चीला ९० बाय १२० सेंमी जागा पुरते. शेजारी सोबत्यासाठी एक आसन, आणि तिकीट विक्रीच्या तक्त्यावर त्या जागेची वेगळी खूण. महापालिकेच्या मालकीच्या नाट्यगृहांत यासाठी कुणाची परवानगीही घ्यावी लागणार नाही.

स्वच्छतागृह ही साखळीतली सर्वात कच्ची कडी. ते कुठे आहे हे ठाऊक नसेल तर म्हातारं माणूस सकाळपासून पाणीच पीत नाही. एप्रिलच्या उन्हात चार तास पाणी न पिता बसलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला चक्कर आली, की घरचे म्हणतात, ‘बघ, दमलीस ना? उगाच आणलं.’ ती दमलेली नसते, तहानलेली असते. लघवी वाढवणारी गोळी असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यावी हे डॉक्टरांना आधी विचारावं. मनाने बंद करू नये. बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी ठिकाणी फोन करून ‘सोय आहे का?’ असं विचारू नये. याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. विचारावं ते असं : दार किती रुंद आहे? दार आत उघडतं की बाहेर? कमोड आहे की भारतीय बैठक? बाजूला धरायला दांडा आहे का? कुलूप असतं का, किल्ली कुणाकडे? आतमध्ये आत्ता काय ठेवलंय? शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. अपंगांसाठी राखलेलं स्वच्छतागृह ही बहुतेक ठिकाणी बादल्या, झाडू आणि फिनेलचे कॅन ठेवायची खोली झालेली असते. खुर्ची आत वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. दोन बादल्या ठेवल्या की ती संपली. दार आत उघडणारं असेल तर आत पडलेल्या माणसाला बाहेरून कुणी सोडवू शकत नाही. कमोडची उंची ४५ ते ४८ सेंमी हवी; त्याहून खाली असेल तर बसता येतं, उठता येत नाही.

आता प्रश्न पैशांचा आणि संख्येचा. ‘खुर्चीवरची माणसं असतात किती, त्यांच्यासाठी एवढा खर्च?’ २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक. पण जिचे गुडघे गेले आहेत ती आई यात आहे का? बहुधा नाही. तिच्याकडे प्रमाणपत्र नाही, ती स्वतःला अपंग म्हणवत नाही आणि दोनशे पावलांच्या पुढे चालूही शकत नाही. रस्त्यावर ती दिसत नाही कारण रस्ता तिला बाहेर येऊ देत नाही, आणि ती दिसत नाही म्हणून रस्ता बदलत नाही. मोजायचंच असेल तर बाहेर न पडणाऱ्यांना मोजा. शिवाय बाबागाडी ढकलणारी आई, सिलिंडर ढकलणारा माणूस, चाकांची बॅग ओढणारा विद्यार्थी, या सगळ्यांना तोच उतार उपयोगी पडतो.

आणि हा उपकाराचा विषय राहिलेलाच नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. मानकं पाळली नसतील तर इमारतीला बांधकाम परवानगी किंवा भोगवटा प्रमाणपत्र देता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत, त्यापुढे पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंड आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेच्या नियमांतली मुख्य तरतूदच कायद्याशी विसंगत ठरवली, कारण ती मानकांना नुसत्या शिफारशीसारखं वागवत होती. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करावेत असा आदेश केंद्राला दिला. तेव्हा ‘जमेल तसं करू’ हे उत्तर आता महापालिकेला, सोसायटीला, हॉटेलमालकाला, कुणालाच देता येणार नाही.

महापालिकेने आणखी एक देखणा रस्ता करण्याआधी तीन कामं करावीत असं मला वाटतं. पहिलं, प्रत्येक मेट्रो स्थानकाच्या भोवतीचे ५०० मीटर. तिथले सगळे चढ-उतार, खांब, चेंबरची झाकणं, डीपी बॉक्स आधी दुरुस्त करा. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवा फूटपाथ नंतर बघू. दुसरं, माहिती. बागा, नाट्यगृहं, संग्रहालयं, भाजी मंडया, वॉर्ड ऑफिसं या महापालिकेच्याच जागा आहेत. प्रत्येकीसाठी एक पान पुरेल : प्रवेशाच्या पायऱ्या किती आणि किती उंच, दाराची रुंदी, गाडी कुठवर येते, स्वच्छतागृहाचा आजचा फोटो आणि उघडं असण्याच्या वेळा. ‘सुगम्य’ असा शिक्का नको, आकडे द्या. दाराची रुंदी ७८ सेंमी आहे असं लिहिलं तर प्रत्येक कुटुंब आपली खुर्ची मोजून स्वतः ठरवेल. पायऱ्या असतील तर तेही लिहा. त्यात कमीपणा नाही. दारात जाऊन परत फिरण्यापेक्षा घरूनच दुसरं ठिकाण ठरवलेलं बरं.

तिसरं काम ठेकेदाराच्या बिलाशी बांधलेलं असावं. फूटपाथचं काम पूर्ण झाल्याचा दाखला देण्याआधी कनिष्ठ अभियंत्याने त्या पट्ट्यावरून एक भरलेली व्हीलचेअर, म्हणजे ७० किलोचं माणूस बसवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत न्यावी. ढकलणारा एकच असावा, मदतीला दुसरा नको. जिथे खुर्ची उचलावी लागली किंवा रस्त्यावर उतरवावी लागली ती प्रत्येक जागा फोटोसकट नोंदवावी, आणि ती दुरुस्त होईपर्यंत बिल थांबवावं. केबल किंवा पाण्याच्या वाहिनीसाठी खोदकाम करणाऱ्या कंपनीची अनामतही याच चाचणीनंतर सुटावी. एका किलोमीटरला दोन्ही बाजू धरून तासाभराहून जास्त वेळ लागत नाही. चाचणीला त्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे दोन सदस्य बोलवावेत, त्यातला एक स्वतः खुर्ची वापरणारा असावा, आणि नोंदवहीवर अभियंत्याच्या सहीशेजारी त्यांचीही सही असल्याशिवाय लेखा विभागाने फाइल पुढे सरकवू नये.